बूच सटक्लिफ आणि वरची खिडकी

विल्फ सटक्लिफला गल्लीत सगळे 'बूच' म्हणायचे आणि त्याला त्याचा मुळीच राग नव्हता. उलट गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की तो आपणहून सांगायचा, "मी विल्फ. बूच म्हणालात तरी ओ देईन." इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या चढावर काळवंडलेल्या दगडी घरांची रांग आहे, त्यात त्याचं घर. गिरणीकामगारांसाठी बांधलेली ही घरं, सगळी एका साच्यातली, भिंतीला भिंत लागून. पण जानेवारीत टेकडीवरून वारा सुटला की बाकीच्या घरांत पडदे हलायचे आणि विल्फच्या घरात मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलायची नाही. हे तो पाहुण्यांना मेणबत्ती लावून दाखवायचा. खरंच दाखवायचा! चहा नंतर, मेणबत्ती आधी.

विल्फच्या लेखी जगातल्या निम्म्या दुखण्यांचं कारण एकच होतं. मान आखडली? वारा लागला. दाढ ठणकतेय? वारा लागला. अशीच एका हिवाळ्यात त्याची आई छातीच्या दुखण्यानं गेली, तेव्हा तो शाळेत जाणारा पोरगा होता. त्या घरात खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरायचं आणि पोरांच्या पांघरुणावर बापाचा कोट टाकलेला असायचा. बाप म्हणाला, "वाऱ्यानं नेली तिला." बापाला दुसरं काही सांगता आलं नाही आणि पोराच्या डोक्यात ते घट्ट बसलं.

पुढे विल्फ गालिच्यांच्या गिरणीत सुताराच्या कामाला लागला आणि त्यानं जॉइसशी लग्न केलं. नोव्हेंबरात दोघं या घरात राहायला आली. पहिल्याच आठवड्यात, वरच्या पुढच्या खोलीत, जॉइस पांघरुणातून नाक बाहेर काढून म्हणाली, "विल्फ, वारा येतोय."

झालं! बिचारी सहज बोलून गेली, आणि यानं त्याचं आयुष्यभराचं काम करून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो लांबीचा, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाचा, डबा घेऊन आला. त्या खोलीची वरखाली सरकणारी खिडकी त्यानं चारी बाजूंनी लांबी भरून बुजवली, स्क्रू मारले, वरून रंग दिला, आणि मग दर काही वर्षांनी आणखी एक हात देत राहिला. खिडकीनंतर दारं, दारांनंतर फरशीच्या फटी, मग माळ्यावर लोकरीचे जाडजूड थर, चिमणीच्या तोंडात पोतं. पत्र टाकायच्या फटीला त्यानं आतून ब्रश लावला, तेव्हापासून पोस्टमन त्याला शिव्या घालतो. जॉइसनं विल्फच्या जुन्या विजारीच्या पायात चिंध्या कोंबून एक लांबलचक साप शिवला, दाराखाली सरकवायला. त्याला डोळे लावले आणि नाव ठेवलं जेराल्ड. "घरात दोन पुरुष आहेत," ती सांगायची, "आणि त्यातला जेराल्ड जास्त समजूतदार आहे."

एवढं सगळं करून गेल्या हिवाळ्यात जॉइसला न्यूमोनिया झालाच. दवाखान्यातून परत आली, पण हृदय कमजोर झालेलं, पाय सुजलेले. जिना शिडीसारखा उभा. दोन मदतनीस लावून तिला एकदा वर, त्याच पुढच्या खोलीत, नेलं ते नेलं, खाली आणायचं नावच नको. पलंगावर पडल्या पडल्या ती विल्फला टोमणे मारायची आणि विल्फ खालून चहा वर आणायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

मग जुलैत ते ऊन आलं.

असं ऊन या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. पहिले दोन दिवस तर जत्राच. लोकांनी घरं सताड उघडी टाकली, शर्ट काढून फुटपाथवर खुर्च्या मांडल्या, कोळशावर सॉसेज भाजले आणि संध्याकाळपर्यंत स्वतःही भाजून लालबुंद झाले. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना. दगडी भिंती दिवसभर तापायच्या आणि रात्रभर ती ऊब आत सोडायच्या. विल्फच्या घरात तर विचारू नका. जी ऊब धरून ठेवायला त्यानं अर्धं आयुष्य घातलं, ती आता घरातून हलायला तयार नव्हती. त्यानं काम चोख केलं होतं, दुसरं काय!

रोज सकाळी येणारी नर्स बेव्हर्ली त्या दिवशी दुपारी मुद्दाम परत आली. जिना चढून आत पाऊल टाकलं आणि तिचा चष्माच धुरकटला. तिनं जॉइसची नाडी धरली, पायांवर बोट दाबून पाहिलं, भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा पाहिला. चौतीस.

"विल्फ, हे चालायचं नाही," ती म्हणाली. "तिच्या हृदयाला हे झेपत नाहीये. मी उद्या सकाळी येते. खोली अशीच असली तर गाडी बोलवावी लागेल. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात एक जागा आहे, गार खोली आहे. पंधरा दिवसांचा प्रश्न."

"मेव्हिसही पंधरा दिवसांसाठीच गेली होती," जॉइस म्हणाली. मेव्हिस म्हणजे तिची थोरली बहीण. ती त्या आश्रमातून घरी आली नाही, शवपेटीतून परस्पर चर्चमध्येच गेली. "मी इथून हलणार नाही, बेव्हर्ली. मला इथे मरू दे."

"कुणी मरत नाहीये," बेव्हर्ली म्हणाली, पण जिना उतरताना तिनं विल्फचा दंड धरला आणि हळू आवाजात सांगितलं, "आजची रात्र महत्त्वाची आहे. काहीतरी करा."

विल्फनं केलं. पडदे ओढले. ओले टॉवेल आणले. फ्रीजरमधल्या वाटाण्यांची पिशवी तिच्या मानेखाली ठेवली, ती वितळली तशी मक्याची ठेवली. पंख्यासाठी गावातल्या तीन दुकानांना फोन केले, तिन्हीकडे संपलेले. लेकीला लीड्सला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, आईला जाऊ द्या ना तिकडे, हट्ट नका करू." त्यानं फोन ठेवून दिला.

ऊन कलल्यावर शेजारची शाहिदा मिठाच्या लस्सीचा जग घेऊन आली. तिचा बाप काश्मिरातल्या मीरपूरहून येऊन विल्फच्याच गिरणीत रात्रपाळी करायचा, आणि ती याच गल्लीत लहानाची मोठी झालेली, आता स्वतः आजी. दार उघडताच ती एक पाऊल मागे सरली.

"या अल्ला! विल्फ, हे घर आहे की थर्मास?"

"बाहेर ऊन आहे, म्हणून बंद ठेवलंय."

"दिवसा बंद ठेवलंत ते बरोबरच. सगळ्या गल्लीत तेवढी अक्कल तुम्हालाच. पण आता उघडा की! पुढचं आणि मागचं, दोन्ही. आतली गरम हवा जाणार कुठून? तुमच्या कानातून?"

"पुढची खिडकी उघडत नाही."

"का?"

विल्फ दाराच्या फटीतला ब्रश बोटानं सरळ करू लागला. शाहिदानं कपाळावर हात मारून घेतला. "बूच!" ती म्हणाली. "अहो, थर्मासात बायको ठेवलीय तुम्ही!"

"उघडली आणि तिच्या छातीत वारा भरला म्हणजे?" विल्फ एकदम ओरडलाच. इतक्या वर्षांत तो शाहिदावर कधी ओरडला नव्हता. "जानेवारीत ती जाता जाता राहिलीय. तू नव्हतीस रात्रभर तिच्या उशाशी. मी होतो."

शाहिदानं लस्सी पेल्यात ओतली आणि त्याच्या हातात दिली. "जा, तिला पाजा," ती हळू म्हणाली. "मी खाली बसते."

विल्फ जेराल्डला ओलांडून वर गेला. जॉइस डोळे मिटून पडली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. त्यानं पेला तिच्या ओठांना लावला, तिनं दोन घोट घेतले. मग तिला जरा हसवावं म्हणून तो म्हणाला, "जेराल्ड म्हणतोय, त्याला कातडी काढून ठेवायचीय."

एरवी अशा पांचट विनोदावर तिनं त्याची सालटी काढली असती. आता तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, तोकडा, घाईघाईचा. विल्फ तिथे उभा राहिला आणि त्याला भीती वाटली. आई गेली तेव्हा वाटली होती तशी. फक्त या वेळी घरात वाऱ्याचा मागमूस नव्हता, आणि तरीही बाई हातची चालली होती.

तो खाली गेला आणि पटाशी, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर आला.

बाहेर अजून चांगला उजेड होता. विल्फनं पडदा सारला आणि कामाला लागला. आधी रंग कापायचा. वरचा पांढरा, त्याखाली पिवळट, त्याखाली हिरवा, त्याखाली तपकिरी. प्रत्येक थर त्यानंच दिलेला. मग लांबी, दगड झालेली. पटाशी दोनदा निसटून बोटाला लागली. स्क्रूंची डोकी रंगानं बुजलेली. तिसरा स्क्रू काही केल्या फिरेना, तेव्हा तो घाम पुसत करवादला, "कुठल्या गाढवानं एवढं पक्कं केलंय हे!"

पलंगावरून बारीक आवाज आला. "ओळखीचाच आहे."

विल्फनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हातातलं काम राहिलं असतं. त्यानं स्क्रूवर हातोडी मारली, पुन्हा फिरवला आणि तो कुरकुरत निघाला.

"शाहिदा!" त्यानं हाक मारली. "वर ये. मागच्या खोलीची खिडकी उघड. कडी जड आहे, खालून धक्का दे."

"आता कसं!" म्हणत शाहिदा धापा टाकत वर आली आणि मागच्या खोलीत शिरली. तिकडे खाडखूड झाली, तिच्या भाषेतली एक शिवी ऐकू आली आणि कडी सुटली. इकडे विल्फनं चौकटीखाली पटाशी घालून सगळा भार टाकला. लाकूड करकरलं. खिडकी बोटभर वर गेली, मग वीतभर, मग त्यानं खांदा लावून ती निम्मी उचलली. खिडकी पेलून धरणाऱ्या दोऱ्या केव्हाच कुजल्या होत्या, म्हणून त्यानं फळीचा एक तुकडा टेकू म्हणून खाली सरकवला.

आधी काहीच झालं नाही. गल्लीतली पोरं पाण्यात खेळत होती, त्यांचा आवाज तेवढा आत आला. मग सूर्य टेकडीआड गेला. पडदा जरासा हलला, थांबला, आणि पुन्हा हलला. मागच्या खोलीचं दार आपोआप आपटलं.

"विल्फ," जॉइस म्हणाली, "वारा येतोय."

विल्फचे दोन्ही हात खिडकीकडे गेले. विचार न करता, सवयीनं गेले. टेकूवर बोटं पोचलीसुद्धा.

"अरे, हात काढ तिथून!" जॉइस म्हणाली. "येऊ दे. किती बरं वाटतंय."

त्यानं हात काढले. जॉइसनं तोंड खिडकीकडे वळवलं. तिच्या कपाळावरची बट उडत होती. शाहिदानं मागच्या खोलीच्या दाराला अडकण म्हणून जेराल्डला लावून ठेवलं आणि आपला जग घेऊन घरी गेली.

सकाळी बेव्हर्ली आली ती गंभीर चेहरा करून, फोन हातातच धरून. खोलीत पाऊल टाकलं आणि थबकली. भिंतीवरचा आकडा पंचवीस. तिनं नाडी पाहिली, पाय पाहिले, पुन्हा नाडी पाहिली. मग फोन खिशात टाकला.

"ऊन चढायच्या आत बंद करा आणि रात्री परत उघडा," ती म्हणाली. "आज गाडी नको."

जॉइसनं समाधानानं डोळे मिटून घेतले. बेव्हर्लीचं लक्ष मग विल्फकडे गेलं. खिडकी आणि पलंग यांच्या मधोमध त्यानं खुर्ची मांडली होती आणि वाऱ्याकडे पाठ करून तो रात्रभर तिथेच बसला होता. अंगात लोकरीचं स्वेटर, गळ्यात मफलर, डोळे तांबारलेले.

"विल्फ! असल्या उन्हाळ्यात स्वेटर?"

"त्याला वारा लागतोय," जॉइस म्हणाली. "पण रात्रभर चकार शब्द बोलला नाही, बिचारा."

"लागत नाहीये," विल्फ म्हणाला, आणि त्यानं स्वेटरचं वरचं बटण लावलं.