न धुतलेल्या हातांचा गूळ

अहमदपुरात धान्याच्या मोंढ्यामागं माझं बॅटरीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची शेड. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या बिघडलेल्या बॅटऱ्या फोडायच्या, प्लेटा काढायच्या, शिसं लोखंडी पळीत वितळवून पुन्हा ओतायचं. तीस वर्षं हेच केलं. कुणी कामाला नावं ठेवली की मी भांडायला उभा.

या धंद्यात दोन नियम आम्ही सगळेच पाळायचो. तापलेल्या हातांवर लगेच पाणी घ्यायचं नाही, शिरा आखडतात. आणि काम उरकलं की गुळाचा खडा खायचा, म्हणजे पोटात गेलेली धूळ निघून जाते. हे मला उस्तादांनी शिकवलं. त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही.

बायको गेल्यावर घर खायला उठलं. मग नात आली. लेक नांदेडला नर्स, तिच्या कामाच्या पाळ्या बदलत्या, जावई पुण्याला. चार वर्षांची नात दीड वर्ष माझ्याकडे राहिली. संध्याकाळी शेड बंद करून आलो की ती उंबऱ्यावर बसलेली असायची. मी गूळ फोडायचो, अर्धा मला, अर्धा तिला. हात तसेच काळे. पोर दिवसभर शेडच्या आसपास खेळते, तिच्याही पोटात धूळ जात असेल, म्हणून तिचा खडा मी मोठा ठेवायचो. दिवसभरात मला हवीशी वाटणारी वेळ तेवढीच होती.

पुढे तिचं पोट दुखायला लागलं. जंत असतील म्हणून औषध दिलं. ती चिडकी झाली, पांढरीफटक पडली, पाठ असलेली गाणी अर्ध्यात विसरू लागली. लेक येऊन तिला नांदेडला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, घरात कोण काय काम करतं. मग रक्त तपासायला पाठवलं. त्यात शिसं निघालं.

लेकीचा फोन आला. "आबा, हात साबणानं धुवायचे होते. कामाचे कपडे भाईर काढून मग पोरीला उचलायचं होतं." तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चार शब्द उलट बोलता आले असते.

मी धंदा बंद केला, शेड उतरवली. अंगणातली माती वीतभर खणून काढायला लावली, भिंती आणि फरशी ओल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसली. शेजारी म्हणाले, "आबा, लगीन काढलं का काय घरात?" मी हसून वेळ मारून नेली. आता एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. कधी सकाळचंच रात्री खातो. टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतो, तेवढंच तोंड उघडतं. बालवाडी सुटायच्या वेळेला मी दार लावून घेतो, कारण त्या पोरांचा आवाज मला सोसत नाही.

नातीच्या रक्तातलं शिसं आता उतरलंय. अक्षरं मात्र तिच्या ध्यानात राहत नाहीत, असं शाळेतल्या बाई म्हणतात. परवा लेकीचा पुन्हा फोन आला.

"आबा, सुट्टीत आणून सोडते तिला. लई आठवण काढून राहिली तुमची."

"नको," मी म्हणालो. "घर अजून साफ झालं न्हाई."

"किती साफ करता? आन् तुमी सोताला किती दिवस दोष देणार? तुमाला कुठं म्हाईत होतं?"

मी फोन ठेवला.

घर कधीच साफ झालंय. आणि मला माहीत होतं. उस्तादांचे दोन्ही हात शेवटी मनगटातून लुळे पडले होते. चहाचा कप मी त्यांच्या तोंडाला लावायचो. हे शिशानं झालंय, असं लातूरच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. त्यांचं वय झालं, असं मी मनाला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी शेड उघडली. लेकीला हे अजून बोललेलो नाही. ते सांगितल्याशिवाय नातीला घरात घ्यायची माझी हिंमत होत नाही.