पाच किलो, पाणी धरून

आमच्या साडी फोल्डिंगच्या कारखान्यात हात कामात असतात आणि तोंड मोकळं असतं. साडी उलगडायची, डाग बघायचा, घडी घालायची, बॉक्समध्ये ठेवायची. यात डोकं फारसं लागत नाही, त्यामुळे किस्से साठत जातात. पहिल्या टेबलावर सांगितलेला किस्सा चौथ्या टेबलावर पोचेपर्यंत दुप्पट झालेला असतो. पण या वर्षी होळीच्या आसपास जे जमले ते कुणाला मोठे करावे लागले नाहीत. आणि सगळेच्या सगळे आमच्या घरच्या एका बॅगेचे!

आधीच सांगते, मी काळजी करणारी बाई आहे. आमचे हे दूध आणायला गेले आणि दहा मिनिटं उशीर झाला, की माझ्या मनात दवाखान्याचा फॉर्मसुद्धा भरून झालेला असतो.

* * *

दरवर्षी चैत्रात सुरतेच्या नवागामची आमची खान्देशी मंडळी सप्तशृंगीच्या गडावर पायी जातात. कडोदरा, बारडोली, व्यारा, मग डांगचं जंगल, सापुताऱ्याचा घाट आणि गड. आठ दिवस लागतात. माणसं रस्त्यावर आणि सामान टेम्पोत, अशी रीत.

गेल्या वर्षी टेम्पोवाला नवा होता. त्याला सांगितलं, "पुढे जाऊन थांब." तो पुढे गेला आणि थांबला. थेट गडाच्या पायथ्याशी!

मंडळी बारडोलीच्या अलीकडे, आणि त्यांची अंथरुणं, भांडी, कोरडे कपडे डोंगरापलीकडे. दोन दिवसांनी एकदाचा त्याचा फोन लागला, तर हाच वर विचारतो, "मैं तो कब का पहुँच गया. आप लोग इतना टाइम क्यों लगा रहे हो?"

त्या मंडळींचे पुढारी शांताराम आबा. जन्मभर माग चालवून आता घरी बसलेले, पण चालायला सगळ्यांच्या पुढे. त्यांनी यंदा आपल्या अहिराणीत जाहीर करून टाकलं, "आते टेम्पो नही. ज्यानं वझं त्यानी पाठवर!"

झालं. तिथून आमच्या घरात वजनाचं प्रकरण सुरू झालं.

* * *

आमचे हे, म्हणजे रामदास, लूमच्या कारखान्यात मास्तर आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी देवीला बोलून ठेवलं, "उठलो तर पायी येईन." मला विचारलं असतं तर मी रिक्षाचं बोलायला लावलं असतं!

मला त्यांनी जायला नको होतं. हे मी कुणापासून लपवलं नाही. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा माझी सगळी भिस्त त्यांच्या नकारावर होती. पण डॉक्टर म्हणाले, "चालू द्या की. चालणं चांगलंच. फक्त पाठीवर पाच किलोच्या वर ओझं नको."

मी आशेनं विचारलं, "पाणी धरून?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "धरा पाणी."

मग मी आबांना गाठलं. "निघायच्या सकाळी काटा पाचच्या वर गेला तर?" आबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "ते मास्तर घर राहतीन. मना शबद शे."

त्या दिवसापासून माझा देव एकच. आमच्या कारखान्यातला पार्सल मोजायचा काटा!

* * *

पहिली बॅग मी भरली. काट्यावर ठेवली. अकरा किलो चारशे.

आत फार काही नव्हतं. दोन चादरी, एक गोधडी, थर्मास, लिंबाच्या लोणच्याची बरणी, बीपीचं मशीन, टॉर्च, टॉर्च बिघडला तर मेणबत्त्या, मेणबत्त्यांना काडेपेटी, काडेपेटी सादळली तर दुसरी काडेपेटी.

आमचा पुतण्या नितीन मार्केटमध्ये साडीच्या दुकानात सेल्समन आहे. तोही यंदा चालणार होता. त्यानं बॅग उचलायचा प्रयत्न केला, परत खाली ठेवली आणि म्हणाला, "काकू, काका गडावर जाताहेत की त्यांची बदली झालीये?"

* * *

या नितीननं मोबाईलवर परदेशातल्या चालणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितले होते. ते लोक म्हणे महिनोन्‌महिने चालतात आणि एकेक ग्रॅम मोजतात. त्यानं आधी कपड्यांची लेबलं कापली. मग टॉवेलचे चार तुकडे करून त्यातला एकच घेतला. मग साबणाची वडी चिरली. मग सगळ्यांचे टूथब्रश गोळा करून हॅक्सॉनं त्यांच्या दांड्या अर्ध्या कापल्या!

"एका ब्रशमागे आठ ग्रॅम वाचले," तो अभिमानानं म्हणाला.

आबांनी आपला बुटका ब्रश हातात घेऊन खालून-वरून बघितला. मग शर्ट वर केला आणि पोटावर थाप मारली. "पोऱ्या, हाई दोन किलो कापी टाक. ब्रश राहू दे."

* * *

मग तंबूचा विषय निघाला. डांगात वेळेवर आडोसा मिळेलच असं नाही, आणि ताडपत्री जड. सुरतेत राहून हलक्या कापडाला काय तोटा? आमच्याकडे डिफेक्टमध्ये गेलेलं शिफॉनसारखं कापड पडलं होतं. पोपटी रंग, वर गुलाबी वेल. सोळा मीटर, पण मुठीत मावेल इतकं. मीच मशीनवर जोडून दिलं. यांच्यासोबत माझ्या हातचं निदान डोक्यावरचं छप्पर तरी जावं, असं वाटलं.

संध्याकाळी पाचला गच्चीवर दोऱ्या बांधून तंबू उभा केला. आत यंदा चालणारे चौघं बसले: आबा, हे, नितीन आणि विलास. विलास कडोदऱ्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला आहे, अंगानं दांडगा. बाहेरून चौघांच्या बनियनवरची भोकंसुद्धा मोजता येत होती.

आबा आतून म्हणाले, "हाई तंबू शे का घुंघट?"

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून एका गुजराती बाईंनी मला हाक मारली. मला वाटलं, आता हसणार. त्या म्हणाल्या, "बेन, आ डिझाईनमां बीजो कलर छे?" दुसरा रंग हवा होता त्यांना!

* * *

विलास बोलतो कमी. आम्ही सगळं वजन सात किलोवर आणून खुश झालो होतो, तेव्हा तो उठला, नळाखालची बादली भरून आणली आणि बॅगेवर ओतली.

मी किंचाळलेच. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या मिलमध्ये सुक्या कापडाच्या वजनावर कुणी विश्वास ठेवत नाही, वहिनी. आता ठेवा काट्यावर."

गोधडीनं एवढं पाणी प्यायलं होतं की काटा दहाच्याही पुढे गेला. अवकाळी पाऊस घाटात कधीही गाठतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण ती गोधडी मी शिवलेली. दवाखान्यातही ती त्यांच्या अंगावर होती. ती बाजूला काढताना मला रडू आलं, आणि मी ते सगळ्यांसमोर रडले.

मग अंथरायला काय? आम्ही साड्यांच्या पार्सलमध्ये फोमची पांढरी शीट घालतो. पाणी धरत नाही आणि वजन नावालाच. तिच्यावर ठळक शिक्का असतो: नाजूक माल, सांभाळून उचला. हे त्यावर आडवे होऊन बघत होते. नितीन म्हणाला, "काकू, शिक्का नसलेली शीट आणू?"

मी म्हटलं, "नको. हीच असू दे."

* * *

असं एकेक काढत बॅग पाण्याशिवाय तीन किलो सातशेवर आली, पाणी एक लिटर. नितीनला पाणीसुद्धा कमी करायचं होतं. विलास म्हणाला, "लिटरचं किलोच भरतं, भाऊ. तिथे मार्केटसारखा डिस्काउंट नाही."

मग एका रविवारी ट्रायल घ्यायची ठरली. नवागाम ते चलथाण आणि परत, बॅग पाठीवर घेऊन. मी येणार नाही, असं मी सांगितलं होतं. त्याप्रमाणे मी त्यांच्यासोबत गेले नाही. मी रिक्षा केली आणि त्यांच्या मागे शंभर पावलांवर ठेवली.

रिक्षावाल्याला पहिल्यांदा वाटलं, मी नवऱ्यावर पाळत ठेवतेय. मग त्याला सगळं सांगितलं. तासाभरानं तो कंटाळून म्हणाला, "बेन, इनको भी बिठा लो ना. रिक्षा तो वैसे भी साथ में जा रही है."

चलथाणच्या साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या चालल्या होत्या. धूळ, ऊन, हॉर्न. माझ्या मनात आलं, एक फोन करून विचारावं, दम लागला का. मी नंबर लावला आणि समोर बघितलं, तर हे रस्त्याच्या कडेला थांबलेले, उजवा हात छातीवर!

मी चालत्या रिक्षातून उडी मारली. चप्पल तिथेच राहिली. "धरा रे त्यांना, धरा!" करत धावले. आबा, विलास, नितीन सगळे वळले. उसाची एक गाडीसुद्धा थांबली.

यांनी शर्टाच्या खिशातून वाजणारा मोबाईल बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं आणि फोन कानाला लावून म्हणाले, "बोल."

* * *

आता जो सांगते तो किस्सा अजून चौथ्या टेबलावर गेलेला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग तयार होती. चार किलो सातशे, पाणी धरून. सगळे खुश होते. मला मात्र जेवण जाईना. घाटात कुठे कळ आली तर? नेटवर्क नसेल तर? दुपारी हे दाढी करायला सलूनमध्ये गेले, आणि मी घराला कडी घातली.

जुन्या मागांना बीमला, म्हणजे धाग्याच्या रुळाला, ताण यावा म्हणून लोखंडी वजनं टांगतात. त्यातला एक अर्ध्या किलोचा तुकडा यांनी कधीतरी दाराला टेकण म्हणून आणला होता. तो मी उशीच्या अभ्र्याच्या चिंधीत गाठ मारून बांधला, बॅगेच्या तळाचं अस्तर उसवलं, आत सरकवला आणि वरून बारीक टाके घातले. पाच किलो दोनशे! काटा बोलेल, आबा शब्द पाळतील, मला काहीच बोलावं लागणार नाही. पाप करतेय हे कळत होतं, तरी थांबले नाही.

सकाळी सहाला सगळे आमच्या कारखान्याच्या दारात. शेठनं मुद्दाम शटर उघडून दिलं होतं. यांनी बॅग काट्यावर ठेवली. मी डोळे मिटले.

"चार सातशे!" नितीन ओरडला.

मी डोळे उघडले. खरंच चार सातशे. मी म्हटलं, "पुन्हा ठेवा." पुन्हा तेवढंच. "काटा झीरोवर आहे का बघा." होता. "आता परत एकदा."

विलास म्हणाला, "वहिनी, अजून किती हलकी पाहिजे?"

आबा गालात हसले, देवीचा जयजयकार झाला. हे बॅग पाठीवर घेताना माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "येस मी." येतो म्हणाले, जातो नाही. चौघं कडोदऱ्याच्या दिशेनं वळणापलीकडे गेले. मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

कामाची वेळ झाली, म्हणून घरी जाऊन डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि परत आले. खांदा सारखा ओढत होता. म्हटलं, रात्रभर डोळा लागला नाही, त्याचंच असेल.

दुपारी जेवायला डबा काढला. पिशवीच्या तळाशी अभ्र्याची चिंधी होती. माझीच गाठ. मी गाठ टेबलाखाली सोडली, आतला लोखंडी तुकडा बघितला आणि तशीच परत बांधली. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय गं, जेवत नाहीस?"

संध्याकाळी यांचा फोन आला. पहिला मुक्काम गाठला होता. मागे आबांचा आवाज येत होता, कुणीतरी चहा गाळत होतं. गोळी घेतली का, पाय धुतले का, छातीत काही होतंय का, सगळं विचारून झालं. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "बॅग जड नाही ना होत?"

पलीकडे आबांचा आवाज लांब गेला, हे बाजूला सरकले असावेत.

"मन्ही हलकी शे," हे म्हणाले. "तुन्ही?"