टी.सी.चा अर्ज

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असताना जानेवारीतल्या एका सोमवारी मी आणि बाबा खामगावला माझ्या कॉलेजच्या ऑफिसात टी.सी. काढायला गेलो. टी.सी. काढायची म्हणजे बी.एस्सी. सोडायची. पदवीला एकच सेमिस्टर उरली होती. होमिओपॅथीच्या प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत माझा नंबर लागला होता आणि तिकडच्या कॉलेजला शुक्रवारपर्यंत मूळ कागदपत्रं हवी होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एसटीत त्यांनी ओळखीच्या तिघांना सांगितलं, "पोरीची टी.सी. काढाले चाललो."

बाबा पिंपळगाव राजात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर आहेत, माझ्या जन्माआधीपासून. त्यांचं शिक्षण दहावी, आईचं सातवी. मी पाचवीत असताना बाबांचा डबा घेऊन दवाखान्यात जायचे. एकदा मी डबा ठेवला आणि टेबलावरची औषधांची नावं मोठ्यानं वाचू लागले. डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, "ही पोरगी पुढे माझा दवाखाना चालवणार बघा." ते त्यांनी सहज म्हटलं असावं. पेशंटला बरं वाटावं म्हणून ते असं बरंच काही बोलायचे. बाबांनी मात्र तो शब्द घरी आणला.

तेव्हापासून मी गावाची डॉक्टरीणबाई झाले. आठवीत असताना गल्लीतल्या एका मावशीनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "डॉक्टरीणबाई, गुडघ्यात लय कळ मारून राह्यली. कोणती गोळी घेऊ वं?"

"मावशी, मी आठवीत आहे."

"तं काय झालं? बापाले पाहून पाहून शिकलीच असशीन."

बारावीनंतर मी ‘नीट’, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दिली आणि फिजिक्सनं मला खाली ओढलं. वर्षभर घरी बसून पुन्हा दिली. थोडे मार्क वाढले, नंबर नाही लागला. मग बी.एस्सी.ला नाव घातलं. घरात त्याला कुणी शिक्षण मानलं नाही. कुणी विचारलं की बाबा सांगायचे, "सध्या तात्पुरतं टाकलं. तयारी चालूच हाय." पहिल्या वर्षी मी तिसऱ्यांदा नीट दिली, दुसऱ्या वर्षी चौथ्यांदा.

मला कुणीही कधी रागावलं नाही, हे लिहिलं पाहिजे. उलट आई मला भांड्याला हात लावू द्यायची नाही. लग्नकार्याला नेत नसत, तयारी बुडेल म्हणून. मी ज्या खोलीत बसायचे, तिथं टीव्ही बंद राहायचा. डॉक्टरसाहेब जुनी जाड पुस्तकं बाबांच्या हाती पाठवायचे. इतकी माणसं एकदम चांगली वागत असली की त्यांच्यातून बाहेर पडायला जागा राहत नाही. मी वाद तरी कुणाशी घालणार होते?

दरम्यान कॉलेजात काहीतरी निराळं घडत होतं. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी वर्गात तिसरी होते. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच निकाल पाहून मला वाटलं की मी पास आहे आणि गोष्ट तिथंच पुरी होते. कटऑफ नाही, फेरी नाही, "पुढच्या वर्षी पाहू" नाही. तिसऱ्या वर्षी प्राणीशास्त्राच्या प्रोजेक्टला मी साठवलेल्या तुरीला लागणारे भुंगे घेतले. चार बरण्यांत तूर भरली. तीन बरण्यांत कडुनिंबाचा पाला कमीजास्त टाकला, चौथीत काहीच नाही. दर आठवड्याला भोकं पडलेले दाणे मोजायचे आणि वहीत लिहायचे. एवढंच काम. पण सोमवार आला की मी पहिल्या एसटीनं जायची घाई करायचे. आईला वाटायचं, लायब्ररीत चालली.

चौथ्या वेळच्या मार्कांवर एमबीबीएस नव्हतंच. आयुर्वेदाच्याही फेऱ्या झाल्या, होमिओपॅथीच्याही झाल्या. प्रत्येक फेरीला यादी लागायची, तीत माझं नाव नसायचं, बाबा ती पुन्हा वरून वाचायचे. मी त्यांच्यासमोर तोंड पाडून बसायचे आणि आत सुटल्यासारखं वाटायचं. त्याची नंतर लाज वाटायची. डिसेंबर संपता संपता रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी आणखी एक फेरी जाहीर झाली. बातमी डॉक्टरसाहेबांनी बाबांना दिली आणि बाबा दुपारच्या सुट्टीत जेवायला न बसता मला घेऊन ऑनलाइन सेंटरवर गेले.

पसंतीक्रम मी स्वतः भरला. आठ कॉलेजं टाकली. आठही मोठ्या शहरांतली, जिथं गेल्या वर्षी माझ्याहून कितीतरी जास्त मार्कांवर यादी बंद झाली होती. मला ते पाठ होतं. म्हणूनच ती टाकली. यादी लागेल, नाव नसेल, आणि मला कुणाला नाही म्हणावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. बाबांनी त्या कागदाची प्रिंट मागून घेतली, घडी करून खिशात ठेवली.

बाबांना एक सवय आहे. गोळ्यांच्या पुड्या बांधून दिल्या तरी ते चिठ्ठी पुन्हा वाचतात. शंका आली तर पायरी उतरलेल्या माणसाला हाक मारून परत बोलावतात. तो कागद त्यांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "ही सगळी वरचीच कॉलेजं भरलीत हिनं. इथं कसा लागेल?" बाबा तडक सेंटरवर गेले. आमच्या घरातल्या प्रत्येक फॉर्मवर बाबांचाच मोबाइल नंबर असतो. शाळेपासून तसंच आहे. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला. मुदत संध्याकाळपर्यंत होती.

मी कॉलेजातून आले तेव्हा बाबा ओट्यावर माझी वाटच पाहत होते.

"तू लय वरचे वरचे भरून ठेवले होते, बाई. घाईघाईत राह्यले असतीन बाकीचे. मी टाकून आलो."

"किती टाकले?"

"सारेच," बाबा म्हणाले. "जिथं खामगावाहून सीधी गाडी हाय ते आधी टाकाले लावले. बाकीचे मागून."

आई म्हणाली, "पाय धू, च्या ठेवते." मी पाय धुतले.

नंबर लागल्याचा मेसेजही त्यांच्याच फोनवर आला. कॉलेज तीन जिल्हे ओलांडून होतं, सीधी गाडी नसलेल्यांपैकी. मी एसटीतून उतरले तेव्हा पानटपरीवाल्यानं आधी अभिनंदन केलं, मला कशाबद्दल ते नंतर कळलं. घरी पेढे आले होते. गुडघेवाल्या मावशीनं माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाली, "आता तरी गोळी सांगशीन का नाई?" सगळे हसले. मीही हसले.

तर तो सोमवार. ऑफिसातल्या क्लार्क मॅडमनी अर्ज दिला, माझं रजिस्टर काढलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "अगं, सहावी सेमिस्टर ना तुझी?"

"डॉक्टरकीले नंबर लागला, मॅडम," बाबा म्हणाले.

"अरे वा. पण एकदा टी.सी. गेली की तेच ॲडमिशन परत मिळत नाही हां. आधी नो ड्यूजच्या सह्या घेऊन या. लायब्ररी, जिमखाना, तिन्ही प्रयोगशाळा."

बाबा बाकावर बसले आणि मी सह्यांना निघाले. लायब्ररीत दोन पुस्तकं परत केली, सही मिळाली. जिमखान्यात मी कधी गेलेच नव्हते, तिथंही मिळाली. केमिस्ट्रीत फुटलेल्या एका परीक्षानळीची नोंद निघाली, सरांनी हसून ती खोडली. वनस्पतीशास्त्राची सही व्हरांड्यातच झाली. चार सह्या इतक्या लवकर झाल्या की मला भीती वाटू लागली. तीन वर्षं सोडायला अर्धा तासही लागत नव्हता.

प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिथले काका कपाट पुसत होते. कागद पाहून म्हणाले, "चालली का तू? बरं झालं. मॅडम येतीनच, सही करतीन." मग कपाटाच्या खालच्या फळीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "अन् ह्या तुह्या बरण्या? फेकू का?"

मी खाली बसले. सोमवार होता, मोजायचा दिवस. बिनपाल्याच्या बरणीत भुंगे काचेवर चढत होते. जास्त पाल्याच्या बरणीतली तूर वरून तरी साबूत दिसत होती. अजून सहा आठवडे मोजल्याशिवाय काही सांगता आलं नसतं.

"सांग ना बाई, फेकू का ठेवू?"

"ठेवा," मी म्हणाले.

मग मी सही न घेता खाली आले. जिन्यात एकदा थांबले. बाबा बाकावर तसेच ताठ बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी.

"झाल्या?"

"एक राह्यली. घेतली नाई."

"काऊन? मॅडम नाई का?"

"बाबा, मले हे पुरं करायचं हाय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. पुड्या बांधताना चिठ्ठी वाचतात तसे. "पुरं म्हंजे? अन् तिकडचं?"

"तिकडे नाई जायचं."

"यंदा नाई का?"

"कधीच नाई, बाबा. परीक्षाही नाई देणार आता."

ऑफिसात कुणीतरी पंखा बंद केला. बाबांनी पिशवीची चेन उघडली, पुन्हा लावली. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सायबाले काय सांगू मी?"

"मी सांगते."

"नको. तू नको सांगू. थे माहं काम हाय."

क्लार्क मॅडमनी खिडकीतून विचारलं, "काय झालं? अर्ज देताय ना?" बाबा उठले, त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "नाई मॅडम. पोरगी पदवी घेऊनच जाईन म्हंते." हे त्यांनी असं सांगितलं की जणू तो त्यांचाच निर्णय होता. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले आणि कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना काय सांगितलं, साहेब काय म्हणाले, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. जाड पुस्तकं मात्र बाबांनी एकेक करून परत नेली.

मी त्या उन्हाळ्यात पदवीधर झाले, आमच्या घरात पहिली. त्यासाठी ज्यांनी भांडी घासली, टीव्ही बंद ठेवला, बाकावर बसून आपला शब्द माझ्यासाठी मोडला, त्यांचं माझ्यावर जे आहे ते फिटणारं नाही. पण ती आठ कॉलेजं मी मुद्दाम टाकली होती, हे मी बाबांना सांगू शकले नाही. त्यांना अजून वाटतं की मी घाईत चुकले आणि त्यांनी सुधारलं.

आता मी एम.एस्सी.ला आहे. सुट्टीत घरी आले की दवाखान्यात बाबांचा डबा मीच नेते. परवा बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी मला ओळखलं.

"तूच ना थे? नंबर लागला होता म्हंतात तुहा. मंग काऊन नाई गेली वं?"

सगळा बाक माझ्याकडे पाहू लागला. मी नेहमीचं उत्तर दिलं. "अभ्यास झेपला नसता, आजोबा."

बाबा काउंटरमागे गोळ्या मोजत होते. मान वर न करता ते म्हणाले, "झेपला असता."