बस म्हटलं की बसणारी गाडी

मुकुंदवाडीच्या पुढं माझ्या शाळेतल्या मित्राचं जुन्या गाड्या विकायचं आवार आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडखाली त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर, मुलगी बघायला आलेल्या उपवरासारखा, पोट आत ओढून उभा होतो.

एक थोरली, एक धाकटी. दोघी परदेशी घराण्यातल्या, दोघी एकेकाळी श्रीमंतांच्या दारात वाढलेल्या, दोघी डोंगर चढणाऱ्या जातीच्या. थोरली म्हणजे चाकांवर ठेवलेलं कपाट. मागच्या दाराला स्टेपनी टांगलेली, आत गियरचे दोन दांडे, एक रोजचा आणि एक फक्त डोंगराचा. सीटच्या कातड्याला भेगा गेल्या होत्या, पण इंजिन सुरू केलं की माझ्या छातीत कुणीतरी ताशा वाजवायचं. धाकटी गुळगुळीत. काळे पडदेच पडदे, बोट लावलं की उजळणारे. डोंगर, वाळू, चिखल अशी चित्रं काढलेलं एक गोल बटण. आपण चित्र निवडायचं, पुढचं ती बघते. तिच्या आधीच्या मालकानं तिला डांबरावरून खाली कधी उतरवलंच नव्हतं. बुडाखालचा रंगसुद्धा नवा होता.

किंमत दोघींची जवळपास सारखी. पंचाईत झाली ती त्यामुळंच.

"मामू, ये बड़ी पहलवान है," मित्र म्हणाला. "डीज़ल भोत पीती, पन दगा नै देती. कहीं बी बिगड़ी तो पाना-पक्कड़ लेके कोई बी खोल लेता."

"और छोटी?"

"नवाब की बेटी. सब आता उसको. पन रूठी तो लैपटॉप लेके मनाना पड़ता."

पोटापाण्यासाठी मी वाळूजच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. तीन कोटेशन आल्याशिवाय मी तिथं एक बोल्टसुद्धा घेत नाही. पण थोरलीच्या दाराला हात लावला, ते 'धप्' करून तिजोरीसारखं मिटलं, आणि माझ्यातला खरेदी अधिकारी तिथल्या तिथं राजीनामा देऊन निघून गेला.

आता असल्या गाडीची मला गरज काय, हे सांगायला हवं. बायकोनंही तेच विचारलं होतं, फक्त जरा वेगळ्या आवाजात.

पिशोरजवळच्या आमच्या शेताचा एक तुकडा डोंगराच्या अंगावर आहे, आणि त्या तुकड्याच्या वरच्या टोकाला, कडुलिंबाच्या झाडाखाली आमचा म्हसोबा. दगडच तो, शेंदूर लावलेला. मका निघाला की त्याला नैवेद्य. तो घरातल्या थोरल्या बाईनं स्वतःच्या हातानं ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. लग्न होऊन आल्यापासून आई हे करत आली, आधी सासूच्या मागं चालत, मग सासूच्या जागी. गेल्या वर्षी मात्र गुडघ्यांनी नकार दिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून बघितलं, तर अर्ध्या वाटेवर कंबर धरली आणि तिला परत आणावं लागलं. नैवेद्य बायकोनं ठेवला. त्या दिवशी आई घरी एकटी बसून होती. आम्ही आल्यावर तिनं विचारलं, "दिवा टिकला का?" टिकला म्हणालो. जेवताना पुन्हा विचारलं, "दिवा टिकला का?"

आणि झोपायला जाताना म्हणाली, "पुढच्या साली नाय जमलं, तर मग मी नावच काढणार नाय. सूनबाईच्या हाती दिलं म्हणायचं."

तिनं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मी दुसऱ्याच दिवशी गाड्या बघायला लागलो.

"अहो," बायको म्हणाली, "डोंगर आईंच्या गुडघ्यांना चढायचाय की तुमच्या मनाला?"

"दोघांनाही," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. गाड्यांच्या फोटोंवर माझा अंगठा कसा फिरतो, हे ती बरेच दिवस बघत होती.

तर शेडखाली. आईला सोबत आणलं होतं, तिला मी मुद्दाम आधी थोरलीकडं नेलं. तिनं दाराचा दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथंच अडली. गुडघा वाकला, पण तिला वर उचलेना. मी पुढं झालो.

"हात लावू नको. मी काय मक्याचं पोतं हाय व्हय?"

तिनं पाय खाली घेतला आणि थोरलीच्या दारावर दोनदा थोपटलं. "चांगली हाय. पण लई उंचावर ऱ्हाती."

मित्रानं ही संधी सोडली नाही. पँटच्या खिशात हात घालून तो ऐटीत धाकटीसमोर जाऊन उभा राहिला. मला माहीत होतं, खिशात किल्ली आहे आणि किल्लीवर बटण आहे. आईला ते माहीत नव्हतं.

"ए छोटी! अम्मी आयीं. चल, बैठ जा."

धाकटीनं सुस्कारा टाकला आणि अख्खी गाडी, चारी चाकांवर, सावकाश खाली बसली.

"आगं बया!" आई म्हणाली. आणि खुर्चीत बसावं तशी आत जाऊन बसली. मग तिनं मित्राकडून गाडी उठवून घेतली, बसवून घेतली, परत उठवून घेतली. शेवटी मित्राचीच खिशातली बोटं दुखली असावीत, कारण तो म्हणाला, "अम्मी, थक जाती वो."

मी हरलो होतो, पण कबूल करायला तयार नव्हतो. "बसणं वेगळं आणि डोंगर चढणं वेगळं," मी जाहीर केलं. "नैवेद्याच्या दिवशी दोघींना पिशोरला नेऊ. जी वर जाईल, ती आपली."

मित्राला असल्या तमाशाची माझ्याइतकीच हौस. तो एका पायावर तयार झाला.

त्या सकाळी धाकटीत आम्ही तिघं आणि मागं थोरली घेऊन मित्र, अशी वरात निघाली. दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यातून जाताना धाकटीनं किंचाळून किंचाळून जीव नकोसा केला. डावीकडं भिंत दिसली की टीं टीं, उजवीकडं दिसली की टीं टीं, पुढं एक मोटारसायकल होती तिच्याबद्दलही टीं टीं.

"भित्री हाय जरा," आई म्हणाली. "नवीन हाय ना."

गावातल्या घरी पोचल्यावर दोन्ही गाड्या दारात लागल्या. आमच्याकडं जनावर असो की वाहन, स्वतःचं असो की मागून आणलेलं, पहिल्यांदा कामाला जुंपायचं तर त्याला ओवाळल्याशिवाय जुंपत नाहीत. आई आणि बायकोनं परसातल्या झेंडूचे दोन हार केले, मनगटाएवढे जाड. चाकांना पाणी, नारळ, हळदीकुंकू झालं. थोरलीच्या जाळीला हार बांधला. मग धाकटीच्या नाकावरून, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, भरघोस झोळ देऊन दुसरा. मधोमध लिंबू-मिरची. धाकटी काय दिसत होती! मी फोटोसुद्धा काढला.

गावाबाहेर डांबर संपतं आणि चढ सुरू होतो. पावसानं त्या वाटेला कंबरेपासून घोट्यापर्यंत ओरबाडलं होतं. थोरली पुढं निघाली. मित्रानं डोंगराचा दांडा ओढला, ती दगडांवरून डुलत, कुरकुरत, एकेक चाक विचार करून टाकल्यासारखं टाकत वळणाआड गेली. तिचा ताशा वरून ऐकू येत राहिला.

मी डोंगराचं चित्र निवडलं आणि धाकटीला सोडलं.

पहिल्या खडकावर चाक चढलं, गाडीनं मान हलवली आणि टीं टीं टीं! पडद्यावर लाल झालं, आणि माझा पाय कुठंही नसताना तिनं स्वतःच कचकन ब्रेक मारला. समोर अडथळा आहे, असं तिचं म्हणणं. समोर साधा होला पक्षीसुद्धा नव्हता. मी पुन्हा सोडलं. ती हातभर सरकली, पुन्हा लाल, पुन्हा कचकन. आईनं मांडीवरची नैवेद्याची परात दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मी मागं वळून भाषण ठोकलं. थांबवणं मला शक्यच नव्हतं. जुनी यंत्रं आणि नवी यंत्रं, हिंमत आणि नखरे, लोखंड आणि प्लास्टिक, सगळं आलं त्यात. "हिला डोंगराचं चित्र ठाऊक आहे," मी म्हणालो, "डोंगर ठाऊक नाही!"

"तुम्हाला आनंद झालेला दिसतोय," बायको म्हणाली.

झाला होता. अगदी तोंडभरून. मग मला आरशात आई दिसली आणि तो कुठं गेला कळलं नाही. ती खिडकीतून वर बघत होती. तिथून लिंबाचा शेंडा दिसतो. तेवढाच.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याच्या मनात नसंल."

"आई, आपण थोरलीला खाली बोलावू. मी तुला..."

"उचलून? नगं." आणि बायकोकडं परात सरकवत, "तू जा वर. आता दरसाल तुलाच करायचंय."

"मी नाही जाणार," बायको म्हणाली. "तुम्ही नाही तर मीपण नाही."

"अगं, दिवस डोक्यावर आलाय. आधी तो हार सोड गाडीचा. म्हसोबाला घाल. हिला घालून काय उपेग, बसली रुसून."

परात आईच्याच मांडीवर ठेवून बायको उतरली. पुढं जाऊन तिनं गाठी सोडल्या, लिंबू-मिरची काढली, हार हातावर घेतला.

पडद्यावरचं लाल विझलं.

मी काही ठरवून केलं नाही. पाय आपोआप दाबला गेला. बायको बाजूला सरली, धाकटीनं घसा खाकरला आणि ती चढायला लागली. पहिला खडक, दुसरा खडक, मग तो मोठा चर. हवेवर तोललेली अशी अलगद, की परातीतला वरणाचा थेंब हलला नाही.

"अहो! अहो, मला ठेवून कुठं?" मागून हाक आली. हातात झेंडूचा हार घेऊन बायको चढणीवर धावत होती.

मी ब्रेककडं पाय नेला.

"थांबू नको!" आई ओरडली. एवढ्या मोठ्यानं मी तिला कित्येक वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. "ती येतीया मागनं! तू चल!"

वर पोचलो तेव्हा मित्र थोरलीच्या बॉनेटला टेकून उभा होता. काय झालं ते मी सांगितलं, तसा त्यानं कपाळावर हात मारला.

"मामू, उसकी आँखां नाक पे हैं! तुम लोगां आँखां पे हार बाँध दिये? फूल हिले तो उसको लगा, सामने कोई खड़ा है."

"विकतो तू, सांगायचं नाही का?"

"मेरेकू क्या मालूम तुम बारात लेके आते!"

मी थोरलीकडं पाहिलं. तीही हार घालूनच चढली होती, एक फूल न सांडता. तिला नाकावर डोळे नव्हतेच. जे दिसायचं ते चालवणाऱ्याला, आणि जी चूक व्हायची तीही त्याचीच. मला ती आणखीच आवडली.

धाकटी सुस्कारून बसली. आई उतरली, परात घेऊन लिंबाखाली गेली. दगडावरची पानं पदरानं झाडली, पाणी घातलं, शेंदराचं बोट टेकवलं. पुरणाची पोळी ठेवली, वर तुपाची धार. धापा टाकत बायको पोचली, तिच्या हातातला हार आईनं घेतला आणि म्हसोबाला घातला. दिवा लावून ती त्याच्याजवळ बसली, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, म्हणजे तो टिकला की नाही हे या वेळी कुणाला विचारायला नको. खाली मक्याची खुंटं, त्यापलीकडं गावाचे पत्रे चमकत होते.

परतताना आई म्हणाली, "तू सारखा थोरलीकडं बघायलास."

"बघतोय फक्त."

"बघ की. बघायला कोण नको म्हणतंय."

घरी धाकटी आली. तिला लॅपटॉपवाल्याकडं न्यावं लागतं, तो तिच्याशी आमच्या डोक्यावरून बोलतो, आणि तिची चाकं मी डोंगराच्या मानानं जरा जाड रबराची करून घेतली. आईनं पहिल्याच दसऱ्याला हार मागच्या बाजूला बांधला. गाडी दारातून मागं निघेना. तेव्हापासून झेंडूचं एकच फूल, तेही आत, पडद्याखाली. थोरलीला मी अधूनमधून मुकुंदवाडीला जाऊन दार मिटून येतो. मित्र म्हणतो, गिऱ्हाईक येत नाही. मला वाटतं, तो तिला दाखवतच नाही.

आणि रोजचा प्रयोग. आई दारात येते, पदर सारखा करते, रस्त्यावर कुणी आहे ना हे बघते आणि म्हणते, "बस गं." मी खिशात बटण दाबतो. गाडी बसते. शेजाऱ्यांची मुलं टाळ्या वाजवतात. आई एकाही शब्दानं खुलासा करत नाही, आणि मीही नाही. आईला फसवण्याचा इतका निर्मळ आनंद मी लहानपणीसुद्धा घेतला नव्हता.

पुन्हा मका निघाला. नैवेद्याच्या सकाळी माझ्या एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्यात नारळाची पिशवी. आई परात घेऊन दारात आली. समोरच्या ओट्यावर बायका उभ्या होत्या.

"बस गं," आई म्हणाली.

गाडी उभी.

"बस म्हणते ना."

गाडी उभीच. माझे दोन्ही हात अडकलेले. बायका बघू लागल्या. आई मान न वळवता, ओठ फारसे न हलवता, माझ्या दिशेनं पुटपुटली,

"बटण दाब की रे. लोक बघायलेत."

मी पिशवी खाली ठेवली आणि दाबलं. ती बसली.