मामा, बाहेरून उघडतं का?

आमच्या केळीबागायतदारांच्या संघाचा सर्व्हर मी बसवला आहे. शहरात, शनवारा भागातल्या ऑफिसात लोखंडी कपाटाशेजारी तो घरघरत असतो, आणि पाहुणा आला की मी त्याला चहाच्या आधी सर्व्हर दाखवतो. कोणाच्या बागेत कटाईची टोळी जाणार, कोणाची गाडी भरणार, हे सगळं त्यावर ठरतं. ज्याचा नंबर लागला त्याने दुपारी बारापर्यंत मोबाइलवर ‘हो’ दाबायचं. नाही तर टोळी पुढच्या बागेत. तोंडी सांगितलेलं चालणार नाही, हा नियम मीच बैठकीत छाती पुढे काढून मंजूर करून घेतला होता. तोंडी होकारावरून पूर्वी फार भांडणं व्हायची.

त्या दिवशी नंबर माझ्या सख्ख्या मामांचा होता. बाग तापीपलीकडे, जैनाबादला. घड भरून आलेले. नंबर हुकला असता तर ते झाडावरच पिवळे पडले असते, आणि पिवळ्या घडाला परगावचा व्यापारी हात लावत नाही.

सकाळीच मामांचा फोन. “काय भो भाचेबुवा, तुझं ते पान काही उघडत नाही. नुसतं चक्र फिरतंय.”

“मामा, इथे धाडधाड उघडतंय. तुमचा फोन बिघडला असेल.”

“तूच घेऊन दिला ना तो?”

मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. उघडलं. बाहेरूनही पाहावं म्हणून अगदी शास्त्रशुद्ध बाहेर गेलो, म्हणजे रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर. मोबाइलवर उघडलं. टपरीवाला स्वतःच्या फोनमधून मान वर न काढता म्हणाला, “भैया, आपका नेट तो आज मस्त चल रहा है.” ते मी कौतुक समजून घेतलं आणि मामांचा फोन दुरुस्त करायला मोटरसायकलवर पूल ओलांडला.

बागेच्या बांधावर मामा हात मागे बांधून उभे. “तुझ्या फोनवर दाखव.”

मी ऐटीत काढला. चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं.

मामी म्हणाल्या, “दोघांचे एकदमच बिघडले का रे?”

तेव्हा टपरीवाल्याचं कौतुक डोक्यात शिरलं. चहा लवकर यावा म्हणून ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड मीच त्याला दिला होता! सर्व्हरला पत्ते दोन, प्रत्येकाची तार वेगळी: एक सार्वजनिक, बाहेरच्या तारेवर, जगासाठी; एक खासगी, आतल्या तारेवर, ऑफिसातल्यांसाठी. आमच्या वायफायवर असलेला फोन गुपचूप खासगी पत्त्याने जातो. मी रस्ता ओलांडला, फोन मात्र ऑफिसातच होता.

परत आलो, सर्व्हरवरची ये-जा उघडून बसलो. मामांची प्रत्येक विनंती बाहेरच्या तारेने नीट येत होती. सर्व्हर तिला उत्तरही देत होता, पण आतल्या तारेने. आणि आतला राउटर ते उत्तर अनोळखी म्हणून टाकून देत होता. कारण? सकाळी प्रिंटर जोडताना आतल्या तारेच्या सेटिंगमध्ये गेटवेचा, म्हणजे बाहेर जाणारी उत्तरं कोणत्या वाटेने न्यायची त्याचा, रकाना रिकामा दिसला. मला रिकामा रकाना बघवत नाही. मी तो भरला होता. मोठ्या टापटिपीने.

बारा वाजत आले होते. संघाचे कारकून कानाशी येऊन म्हणाले, “तुम्हीच दाबून टाका ना मामांचं ‘हो’. कोणाला कळतंय?”

हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. पण तसं केलं असतं तर तो नियम मेला असता, आणि सर्व्हर म्हणजे भाच्याची खासगी टपरी झाली असती. मी रकाना पुसला, नेटवर्क पुन्हा चालू केलं, फोन लावला.

“मामा, आता बघा. वायफायवर नाही ना?”

“बागेत कुठलं रे वायफाय! थांब... आलं. दाबलं. हिरवं झालं!”

दुसऱ्या दिवशी गाडी भरली. घड उतरवता उतरवता मामांनी टोळीला सगळी हकीकत ऐकवली: “माझा फोन तपासायला आला आणि स्वतःचाच तपासून गेला!” सगळ्यात मोठ्याने मीच हसलो.

आता काहीही बदललं की माझा पहिला फोन जैनाबादला. मामा हातातलं काम टाकतात, पान उघडतात आणि मोठ्या साहेबासारखे म्हणतात, “चालू दे.” गावात सांगतात, संघाचं मशीन मी पास केल्याशिवाय चालत नाही.

खरंच चालत नाही. पाहुण्यांना मी सर्व्हर दाखवतो तेव्हा हेही सांगतो.