वाढतं माप

आर्णीच्या बसस्टँडमागे बसणाऱ्या त्या शिंप्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शाळेच्या नाटकासाठी दोन महायुद्धांमधल्या काळातल्या जर्मन मुलांचे कपडे चार दिवसांत हवे होते. माझी यादी तयार होती: पहिल्या अंकाला रुंद कॉलरचे सहा खलाशी शर्ट, दुसऱ्याला सहा तपकिरी गणवेश, दोन्हीकडे अर्ध्या चड्ड्या. कापड मी नेमकं मोजून आणलं होतं.

पेन्सिल कानामागे खोचून त्याने मी नेलेले दोन्ही अंकांच्या कपड्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, हे पह्यले पोरं खेळाले चालले दिसतात. अन् हे कुठं चालून राह्यले?"

"कवायतीला. मोठे झाल्यावर लढाईला."

"वापस आले का?"

"पुष्कळसे नाही आले."

तो कापडावर आखायला लागला. तपकिरी चड्ड्यांना खाली आत दुमडायला चार बोटं कापड जास्त धरत होता. असं केलं तर सहावी चड्डी होणार नव्हती, आणि ते कापड आर्णीत संपलं होतं.

"भाऊ, एका दिवसाचं नाटक आहे. वाढतं माप कायले?"

"पोराचा कपडा हाय, मॅडम. पोरगं वाढते, मंग उसवून लांब करता येते. त्याच्याबिगर माही कैची चालत नाही."

मी यादीत तपकिरी कापडाची एक ओळ वाढवली आणि ते आणायला सकाळी यवतमाळची बस धरली.

कपडे वेळेवर झाले. दुसऱ्या अंकात गणवेशातली मुलं रांगेत उभी राहिली, तेव्हा मला फक्त आत दुमडलेलं ते चार बोटं कापड आठवत होतं.