हळदीचा डाग

डोंबिवलीच्या घराचं रंगकाम काढलंय. शेगडीमागच्या भिंतीवर दोन हात मारून झाल्यावर रंगारी म्हणाला, "मॅडम, हा फोडणीचा डाग परत वर येतोय." ओल्या रंगाचा वास नाकात शिरला आणि मला चीनमधली क्वार्टर आठवली.

विद्यापीठात तीन वर्षं हिंदी शिकवून मी परत निघालेले. बॅगा दारात होत्या. क्वार्टर ताब्यात घ्यायला आलेल्या बाईंनी शेगडीमागच्या पिवळ्या भिंतीवर बोट ठेवलं. "पुसा. खोली होती तशीच परत द्यायची."

आधीचे दोन दिवस मी तेच घासत होते. बोटं साबणाने सोललेली. मी फडकं ओट्यावर ठेवलं आणि मोडक्या चिनीत म्हटलं, "तीन वर्षं इथे रोज वरण-भात केला. दिसतंय तर दिसू दे." बाईंनी फॉर्मवर डाग नोंदवला. खाली मी ठसठशीत मराठीत सही केली.

विमानतळाच्या बसमध्ये मात्र लाज वाटलेली, पाहुणीसारखं नीट निघता आलं नाही म्हणून. आता वाटत नाही. तीन वर्षं राहणारी बाई पाहुणी कसली?

"अजून एक हात मारू?" रंगाऱ्याने विचारलं.

"नको, असू दे."

तिथेही त्यांनी दोन हात मारले असतील. आला असेल वर.